छापखाना म्हणून चार तारे, प्रकाशक म्हणून एक

22 वर्षं मी दुसऱ्यांची खाती जुळवली आणि मग एका रोखपालावर कादंबरी लिहिली. सात प्रकाशकांना पाठवली. दोघांनी नकार कळवला, पाच जणांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. म्हणून मी सेल्फ-पब्लिशिंगच्या, म्हणजे लेखकाने आपलं पुस्तक स्वतःच काढायच्या, एका सेवेकडे गेले. दीड वर्ष तिथे काढलं. आता तीच कादंबरी एका रीतसर प्रकाशकाकडून येते आहे. हा अभिप्राय मात्र त्या सेवेचाच. नाव लिहीत नाही. तक्रारी आहेत आणि त्यांची बाजू मांडायला ते इथे नाहीत.

आधी छपाई. ऑर्डर आली की एक प्रत छापायची, बांधायची, पाठवायची. पलंगाखाली गठ्ठे नाहीत, वाळवीची भीती नाही. पण हिशेब नीट समजून घ्या. हजार प्रती एकदम छापल्या की प्रतीमागचा खर्च उतरतो. इथे पाचशेवी प्रतही पहिलीइतकीच महाग पडते. किंमत चढी ठेवावी लागते, दुकानदाराला द्यायला कमिशन उरत नाही, न खपलेली प्रत परत घ्यायची सोय नाही. मग दुकानदार पुस्तक ठेवील कशाला? माझं एकाही दुकानात नव्हतं.

नमुना प्रत मागवाच. मी पहिल्यांदा मागवली नव्हती, कारण फाइल अपलोड केल्यावर त्यांच्या संगणकाने हिरवी खूण दिली होती. त्या खुणेला पानाची मापं कळतात, मराठी कळत नाही. माझा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला, तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात, आणताना 'ऱ्या' गेला. 'पायऱ्या'च्या 'पायर्या' झाल्या आणि बिचारा रोखपाल अख्ख्या पुस्तकभर पायर्या चढत राहिला. दुसरी चूक माझीच. आधी 148 पानं होती, त्या हिशेबाने कण्याच्या बाजूचा समास ठेवला. मग वाचायला बरं म्हणून अक्षर मोठं केलं, पानं 232 झाली, समास तोच. जाड पुस्तक पूर्ण उघडत नाही. डाव्या पानावर प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर खोबणीत गेलं होतं. ते वाचायला पुस्तक दोन्ही हातांनी दाबून धरावं लागे. पहिल्या 31 वाचकांनी ते तसंच वाचलं. त्यांची माफी कुठे मागायची, हे मला अजून कळलेलं नाही. दुरुस्त फाइल चढवली तर दोन दिवसांत नवी आवृत्ती विक्रीला लागली. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, फुकट मिळाला. 2007 पासून हा क्रमांक 13 आकडी आहे आणि शेवटचा आकडा पडताळणीचा असतो: आकड्यांना आळीपाळीने 1 आणि 3 ने गुणून बेरीज केली की तिला 10 ने निःशेष भाग जायला हवा. मी करून पाहिलं, गेला. (सवय, दुसरं काय.) पण फुकटचा क्रमांक त्यांच्या नावावर असतो, आपल्या नाही. तो घेऊन दुसरीकडे जाता येत नाही.

प्रकाशक म्हणून एकच तारा मी ज्याच्यामुळे देते आहे ते म्हणजे 'संपादन पॅकेज'. फोनवरची मुलगी गोड बोलायची. मुलांसाठी लिहिणाऱ्या इंग्रज लेखिका बिआट्रिक्स पॉटरनेही पहिलं पुस्तक स्वतःच छापलं होतं, असं तिने मला तीनदा ऐकवलं. खरं आहे ते. 1901 मध्ये पॉटरने पीटर रॅबिट या ससोबाच्या गोष्टीच्या 250 प्रती स्वतःच्या खर्चाने छापल्या आणि 1902 मध्ये ती फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशनसंस्थेने काढली. पण वॉर्नने चित्रं रंगीत हवीत अशी अट घातली होती, हे फोनवर कोणी सांगत नाही. म्हणजे तिथेही कोणीतरी म्हणालं होतं, 'हे असं नको, असं कर.' माझ्या पॅकेजमध्ये तेवढंच नव्हतं. ऱ्हस्व-दीर्घाच्या 60-70 दुरुस्त्या आल्या, त्यातल्या काही चुकीच्या. पात्राचं वय दुसऱ्या प्रकरणात 52 आणि नवव्यात 47 होतं. कोणी विचारलं नाही.

आता ज्याला मी पाचपैकी पाच देईन ते: विक्रीचा रोजचा तक्ता. तारीख, प्रती, छापील की ई-बुक, रॉयल्टी. सगळं रोजच्या रोज, स्वच्छ. मी तो रोजकीर्दीसारखा रात्री उतरवून घ्यायची. पहिल्या दोन महिन्यांत 90 प्रती गेल्या, ते नातेवाईक आणि ऑफिस. मग चार महिने जवळजवळ शून्य. सातव्या महिन्यात अचानक पाच-पाच, दहा-दहाच्या ऑर्डरी दिसायला लागल्या. एकेका वाचकाची खरेदी अशी दिसत नाही. शोध घेतला तेव्हा कळलं, बँकेतून निवृत्त झालेल्या लोकांच्या एका वाचनगटाने पुस्तक घेतलं होतं आणि तिथून ते दुसऱ्या गटात गेलं होतं.

दीड वर्षात 640 प्रती. हा आकडा अडचणीचा आहे, हे मला माहीत नव्हतं. पुन्हा चार प्रकाशकांना लिहिलं, त्यातल्या एका संपादकबाईंनी भेटायला बोलावलं आणि सरळ विचारलं, "ताई, ज्यांना हवं होतं त्यांनी घेऊन झालं असेल तर?" प्रश्न रास्त होता. मी वहीच पुढे केली. नातेवाइकांच्या प्रती लाल शाईने वेगळ्या काढल्या होत्या. उरलेल्यांत शेवटच्या पाच महिन्यांचा चढ स्पष्ट दिसत होता आणि तोही दुकानांत पुस्तक नसताना. बाईंनी वही दहा मिनिटं पाहिली. मग म्हणाल्या, "पहिलं प्रकरण काढावं लागेल." मी हो म्हटलं. घरी येऊन रडले, ते वेगळं.

हस्तलिखितावर पेन्सिलीच्या खुणा आल्या त्या 300 च्या वर. रोखपालाचं वय पहिल्याच दिवशी सापडलं.

करार वाचताना सेवेतला अनुभव कामाला आला. रॉयल्टी छापील किमतीवर की हाती येणाऱ्या रकमेवर, हा पहिला प्रश्न, टक्का त्यानंतर. दुसरा, हक्क परत कधी मिळणार. 'आवृत्ती संपल्यावर' असं लिहिलं असेल तर सावध. ई-बुक आणि मागणीनुसार छपाईच्या दिवसांत आवृत्ती कधी संपतच नाही. वर्षात अमुक प्रतींपेक्षा कमी खप झाला तर, असं मी लिहून घेतलं. ई-बुकचे हक्क स्वतःकडे ठेवायचा प्रयत्नही केला, अमेरिकी लेखक ह्यू हाउवीने 2012 मध्ये फक्त छापील हक्क विकले होते असा दाखला देऊन. बाई हसल्या. "त्याचा खप आणा, मग बोलू."

सेवेतून बाहेर पडणं मात्र त्रासाचं. ई-बुक त्यांच्याच दुकानात ठेवण्याची 90 दिवसांची अट आपोआप पुढे वाढली होती; मी खूण काढायला विसरले होते. त्यामुळे करारावरची सही दोन महिने लांबली. छापील आवृत्ती बंद केली तरी तिचं पान तिथे दिसतंच, 'सध्या उपलब्ध नाही' म्हणून, वाचकांच्या अभिप्रायांसकट. ते नव्या आवृत्तीकडे नेता आले नाहीत.

पुन्हा वापरीन का? छपाईसाठी आणि त्या तक्त्यासाठी, हो. पॅकेज घेणार नाही.

खातं अजून चालू आहे. त्यात शेवटच्या दोन प्रतींची रॉयल्टी अडकली आहे. पैसे काढायला लागणाऱ्या किमान रकमेपेक्षा ती कमी भरते. दर महिन्याच्या एक तारखेला मी ती मागील पानावरून पुढे ओढते.