जपानी खेळण्यातले चहाचे संच : लस्टर घ्यावा की निळा विलो?

दोन महायुद्धांच्या दरम्यान आणि त्याच्या थोडे आगेमागे जपानमधून अमेरिकेत गेलेले पोर्सेलिनचे चिमुकले चहाचे संच जमवायचे ठरवले, की निवड बहुतेक वेळा दोन प्रकारांपाशी येऊन अडते. एक केशरी-निळ्या लस्टर, म्हणजे धातूसारख्या चमकत्या झिलईचा आणि दुसरा पांढऱ्यावर निळी विलो नक्षी, म्हणजे विलोचे झाड, पूल आणि चिनी धाटणीची घरे असलेले चित्र, असलेला. अमेरिकेतील वास्तव्यात मी दोन्ही प्रकार घेतले आणि वापरले, त्यामुळे पुढील मत त्या अनुभवाचेच आहे.

तळावरील शिक्क्यांचे गणित दोन्हींना सारखेच लागू पडते. ‘निप्पॉन’ असेल तर १९२१ पर्यंतचा काळ, त्यानंतर ‘जपान’ किंवा ‘मेड इन जपान’, आणि ‘ऑक्युपाइड जपान’ (परकीय ताब्यातील जपान) असेल तर युद्धानंतरची, १९५२ पर्यंतची मोजकी वर्षे. यातले पहिले आणि शेवटचे शिक्के बनावटही असतात, हे मात्र ध्यानात ठेवावे.

नजरेत भरण्याच्या बाबतीत लस्टरची बरोबरी विलोला करता येत नाही, हे मान्यच करायला हवे. उजेड बदलला की किटलीच्या पोटावरची निळाई मोराच्या कंठासारखी हलते आणि कपाच्या आतल्या पांढऱ्या भागावर केशरी कडेची झाक पडते. परंतु ही चमक म्हणजे भाजलेल्या झिलईवर कमी आचेने बसवलेला धातूचा अतिशय पातळ थर असतो. मुलांची बोटे जिथे वारंवार लागली, तिथे, विशेषतः कानाच्या वळणावर आणि झाकणाच्या बोंडावर, तो विरलेला दिसतो. विलोची छाप सहसा झिलईच्या खाली असल्याने कोमट पाण्यात धुताना जीव मुठीत धरावा लागत नाही.

माझ्यापुरता निर्णय झाला तो झाकणांमुळे. भातुकलीत आधी हरवते किंवा फुटते ते झाकणच, त्यामुळे बाजारात येणाऱ्या संचांत किटली उघडी किंवा साखरदाणी बोडकी असणे नित्याचेच. पोर्सेलिन भट्टीत १० टक्क्यांहून अधिक आकसते, म्हणून दिसायला सारख्या दोन किटल्यांची तोंडेही हुबेहूब जुळतील याची खात्री नसते. त्यातूनही माझ्या लस्टर किटलीला नीट बसणारे झाकण मिळाले, तर ते तांबूस निघाले आणि किटली मधाच्या रंगाची. थराची जाडी आणि भट्टीची आच यांवर छटा ठरत असल्याने असे होणारच. पाहुण्यांना ते कदाचित जाणवतही नसेल, मला मात्र कपाट उघडले की पहिल्यांदा तेच दिसते. विलोच्या निळ्यातही फिकट-गडद असतेच, पण झाकणावर नक्षीची जेमतेम एक पट्टी असल्याने दुसऱ्या संचातले झाकण सहज खपून जाते, आणि सुटी झाकणेही, निदान माझ्या पाहण्यात, विलोचीच अधिक येतात.

मूळ पुठ्ठ्याच्या पेटीत, दोऱ्याने बांधलेला आणि झाकणांसह पूर्ण असलेला लस्टर संच मिळत असेल, तर तो सोडावा असे मी म्हणणार नाही. सुट्या भांड्यांपासून हळूहळू संच जुळवायचा असेल, तर मात्र विलोकडे वळणे मला अधिक सोयीचे वाटते. दोहोंपैकी काहीही घेतले, तरी विक्रेत्याकडून झाकण किटलीशेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात काढलेले छायाचित्र आणि किटलीच्या तोंडाचे आतले माप मिलिमीटरमध्ये मागवून घ्यावे.