लो-इम्पिडन्स गिटार घेताय? आधी ट्रान्सफॉर्मर कुठे आहे ते विचारा

1959 ची गिब्सन लेस पॉल इलेक्ट्रिक गिटार आपल्या नशिबात नाही हे एकदा मान्य केलं, की नजर आपोआप सत्तरच्या दशकाकडे वळते. तिथे गिब्सनच्याच, अमेरिकेतल्या कलामाझूच्या कारखान्यातल्या, डोक्यावर लेस पॉलचं नाव मिरवणाऱ्या काही गिटारी त्या मानाने खूपच स्वस्तात दिसतात. रंग अक्रोडी, पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे भाग, लांबुळके, नॉब जरा जास्तच. मग सोलापुरातला एखादा गडी फोटो पाठवून विचारतो, "यात गोम काय आहे?" गोम एकच. या गिटारी नेहमीच्या अँपला नेहमीच्या केबलने जोडल्या तर काही मॉडेल्स जेमतेम कुजबुजतात. बिघाड म्हणून नव्हे, त्यांची घडणच तशी आहे: त्या लो-इम्पिडन्स, म्हणजे विजेला कमी अडथळा करणाऱ्या पिकअपच्या आहेत.

नेहमीच्या हंबकरमध्ये, म्हणजे घरघर कापणाऱ्या दोन कॉइलच्या पिकअपमध्ये, अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे असतात. मीटर लावला तर सात-आठ हजार ओहम दाखवतो. वेढे जास्त म्हणजे व्होल्टेज जास्त, पण इंडक्टन्सही, म्हणजे वरच्या सुरांना होणारा अडथळाही, जास्त. त्यात केबलची कपॅसिटन्स (वीज साठवायची क्षमता) मिळाली, म्हणजे मीटरमागे साधारण शंभर पिकोफॅरड, की आवाजाची वरची धार बोथट होते. केबल जितकी लांब तितकं नुकसान जास्त. लो-इम्पिडन्स पिकअपमध्ये जाड तारेचे थोडेच वेढे असतात. त्याचा रेझोनन्स, म्हणजे आवाज सर्वांत उठून येतो ती जागा, कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्याच्या पार वर जातो, आणि वीस मीटर केबल टाकली तरी सूर तसाच्या तसा पोचतो. बदल्यात सिग्नल मात्र माइकइतका बारका. तो वर उचलायला ट्रान्सफॉर्मर लागतो. एकास दहा गुणोत्तराचा ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज दहापट करतो आणि इम्पिडन्स शंभरपट, म्हणजे दोनशे ओहमचे वीस हजार ओहम होतात आणि अँप खूश होतो.

हे सगळं लेस पॉल या माणसाच्या आग्रहातून आलं. 1915 चा जन्म, वादक तर होताच, पण मल्टिट्रॅक रेकॉर्डिंगचा आद्य खटपट्याही होता. त्याला गिटार अँपपुढे माइक ठेवून नव्हे, थेट रेकॉर्डिंगच्या कन्सोलमध्ये घालायची होती. उतारवयातही न्यू यॉर्कच्या इरिडियम क्लबमध्ये दर सोमवारी तो वाजवायचा, तेव्हा हातात स्वतः फेरफार केलेली लो-इम्पिडन्स गिटारच असायची. बाजाराने मात्र ती कल्पना उचलली नाही. रॉकवाल्यांना अँप तापवून फाटलेला आवाज हवा होता, आणि ही गिटार तर स्वच्छ बोलायला बनवलेली. किमती कमी राहिल्या त्या त्यामुळेच.

तेव्हा निवड करताना रंग आणि साल नंतर बघा. ट्रान्सफॉर्मर केबलमध्ये आहे, गिटारच्या पोटात आहे, की त्याच्या जागी बॅटरी आहे, एवढं कळलं की निम्मा निर्णय झाला.

प्रोफेशनल आणि पर्सनल

1969 मध्ये आलेली ही पहिली जोडी. दोन्हींचं अंग नेहमीच्या लेस पॉलपेक्षा मोठं, वजन खांदा दुखवणारं. पर्सनल ही श्रीमंत बहीण: सोनेरी हार्डवेअर, चौकोनी इनले, शिवाय वरच्या कडेला गाण्याचा माइक लावायचं सॉकेट आणि त्याचा वेगळा व्हॉल्यूम. गिटारमध्येच माइक घालायचा ही लेस पॉलची खास खोड. प्रोफेशनल साधी. शिकागो बँडच्या टेरी कॅथच्या हातात सुरुवातीच्या काळात दिसते ती हीच.

दोन्हींचा ट्रान्सफॉर्मर गिटारमध्ये नाही, सोबत मिळणाऱ्या खास केबलमध्ये होता, तोही अँपच्या टोकाला. पन्नास वर्षांत ती केबल हरवलेलीच असते. विकणारा म्हणतो, "आवाज जरा कमी आहे, पिकअप बघून घ्या." पिकअप ठणठणीत असतं, त्याच्याकडे केबल नसते. घासाघीस करायची असेल तर हीच जागा. पीएच्या, म्हणजे लाउडस्पीकरच्या, सामानाच्या दुकानात माइकचा मॅचिंग ट्रान्सफॉर्मर मिळतो, नळीसारखा, एका टोकाला एक्सएलआर, म्हणजे माइकचा तीन पिनांचा कनेक्टर, आणि दुसऱ्याला जाड जॅक. गिटारकडून एक्सएलआरपर्यंत एक केबल बनवून घ्यायची: जॅकचं टोक पिन 2 ला, बाही (मागचा लांब भाग) पिन 1 आणि 3 ला. सोल्डरिंग येणारा कुठलाही साउंडवाला हे काम करून देईल.

गोळा करणाऱ्यासाठी पर्सनल. प्रोफेशनलपेक्षा ती खूप कमी बनली आणि माइकचं ते सॉकेट बघायला लोक येतात. वाजवणाऱ्याने मात्र या जोडीच्या नादी लागू नये असं माझं मत. कार्यक्रमाच्या दिवशी ती एक नळी घरी विसरली की आख्खी गिटार मुकी.

रेकॉर्डिंग

1971 मध्ये ती जोडी बंद झाली आणि तिच्या जागी आली ती रेकॉर्डिंग. 1979 पर्यंत चालली. ट्रान्सफॉर्मर आता पोटात गेला आणि हाय-लो असं बटण मिळालं. हाय करा आणि कुठल्याही अँपला जोडा. लो करा आणि मिक्सरच्या माइक इनपुटला जोडा. पिकअप तिरपे बसवलेले, आणि सगळे नॉब-बटणं एकाच प्लेटवर.

नवखा वादक या प्लेटला घाबरतो. व्हॉल्यूम, ट्रेबल, बेस हे समजतं. फेज बटण दोन्ही पिकअप एकत्र लावून उलटं केलं की आवाज पोकळ, नाकातला होतो. तीन टप्प्यांचं टोन बटण आहे, आणि डेकेड नावाचा नॉब आहे. डेकेड म्हणजे टोन नव्हे. टोन नॉब वरचा भाग सरसकट कापतो. डेकेड एकेका टप्प्याने वरच्या सुरांचं टोक कुठे बसवायचं ते ठरवतो. शेवटचे टप्पे शांत खोलीतच कळतात. गणपतीच्या मांडवात डेकेड फिरवत बसण्यात अर्थ नाही, तिथे शेजारच्या मंडळाचा डीजे सगळे टप्पे एकसारखे करून टाकतो.

पण सोलापूरच्या वादकाला या गिटारीचा खरा उपयोग मंचावरच आहे. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की मिक्सर प्रेक्षकांच्या मागे, मंचावर एक स्टेज बॉक्स आणि मधे लांबलचक वायर. नेहमीच्या गिटारला डीआय बॉक्स, म्हणजे गिटारचा सिग्नल मिक्सरजोगा करणारा डबा, लागतो, आणि साउंडवाल्याकडचा तो एकुलता एक बॉक्स कीबोर्डवाल्याने आधीच अडवलेला असतो. रेकॉर्डिंग लोवर टाकून थेट माइकच्या जागी जोडता येते. एक अट: त्या चॅनेलची 48 व्होल्टची फँटम पॉवर (मिक्सर माइकला पाठवतो ती वीज) बंद हवी, कारण वर सांगितलेल्या केबलमध्ये पिन 3 जमिनीला जोडलेली असल्याने ते व्होल्टेज थेट पिकअपवर येतं. वायर लावण्याआधी साउंडवाल्याला हे स्पष्ट सांगा. "बघतो" म्हणाला तर स्वतः जाऊन बघा.

घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यालाही हीच बरी. पूर्व भागात, जिथे भिंतीपलीकडे यंत्रमाग चालतात, तिथे ट्यूबलाइट, चोक, मोटार यांची घरघर साध्या सिंगल कॉइल गिटारमध्ये हमखास शिरते. हे पिकअप हम कापणारे आहेत आणि लो-इम्पिडन्स वायर बाहेरचा आवाज कमी उचलते. मागाचा खट्याक-खट्याक आवाज माइकमध्ये येईलच, पण गिटारच्या वायरमधून नाही.

तोटा वजनाचा. तीन तासांच्या कार्यक्रमाला रुंद पट्टा घ्या. आणि ज्याला मार्शलचा अँप लावून फाटका आवाजच काढायचा आहे त्याला ही गिटार मिळमिळीत वाटेल. त्याचं काहीच चुकत नाही.

सिग्नेचर, आणि जाता जाता एल-5 एस

1973 ते 1978 दरम्यानची सिग्नेचर ही या घराण्यातली सर्वांत देखणी. अर्धी पोकळ, एफ आकाराच्या भोकांची, एका बाजूने लेस पॉल आणि दुसऱ्या बाजूने गिब्सनचीच अर्धी पोकळ ईएस-335 वाटावी अशी वेडीवाकडी. हाय आणि लोसाठी वेगवेगळे जॅक. वजन हलकं, आवाजाला हवा आहे. जुनी हिंदी-मराठी गाणी, गझलेच्या मागची साथ, जॅझचे कॉर्ड यांना रेकॉर्डिंगपेक्षा जास्त शोभते. मोठ्या मॉनिटरजवळ मात्र फीडबॅक देते, आणि आपल्याकडे छोट्या मंचावर वादक मॉनिटरला चिकटूनच बसतो. हॉलमध्ये कार्यक्रम करणाऱ्याने सिग्नेचर घ्यावी, रस्त्यावरच्या मांडवात वाजवणाऱ्याने रेकॉर्डिंग.

गिब्सनचीच एल-5 एस 1972 च्या सुमारास आली, सुरुवातीला लो-इम्पिडन्स पिकअपसह, पण थोड्याच वर्षांत तिला साधे हंबकर बसवायला लागले. लो-इम्पिडन्सच हवी असेल तर पिकअपचा जवळून फोटो मागवा. ती महाग आहे, आणि नुसत्या नावावर पैसे जातात.

बॅटरीचा मार्ग

जुनं काही नको, फक्त तो स्वच्छ आवाज आणि लांब केबल हवी, असं असेल तर सरळ ॲक्टिव्ह पिकअप. ईएमजीसारख्या कंपनीच्या पिकअपमध्ये कमी वेढ्यांची कॉइल आणि तिथेच छोटा प्रीअँप असतो, 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. ट्रान्सफॉर्मरचं काम प्रीअँप करतो. नॉब 25 हजार ओहमचे लागतात, जुने अडीच-पाच लाखांचे चालत नाहीत. जॅक काढला की बॅटरी बंद, म्हणून रात्री केबल लावून ठेवायची नाही. गिव्हसनवर (गिब्सन नव्हे, देशी बनावटीची गिटार) हात बसलेल्या पोराने एखादी बरी गिटार घेऊन त्यात हे बसवलं तर खर्च जुन्या गिब्सनच्या जवळपासही जात नाही. संग्राहकाला यात काही नाही, पण दर आठवड्याला वाजवणाऱ्याला मी आधी हेच सांगतो.

बेसवाल्यांसाठी आणखी एक वाट आहे. जेफरसन एअरप्लेन बँडचा बेसवादक जॅक कॅसडी गिब्सनच्या सिग्नेचर बेसवर वाजवायचा. एपिफोनने 1997 पासून त्याच्या नावाचा बेस काढला, लो-इम्पिडन्स पिकअपचा, 50, 250 आणि 500 असे तीन टप्पे असलेला. लो-इम्पिडन्स म्हणजे काय ते नव्या कोऱ्या वाद्यावर अनुभवायचं तर याच्यासारखं दुसरं नाही. गिब्सनच्या जुन्या लो-इम्पिडन्स ट्रायम्फ बेसच्या मागे धावण्याआधी हा वाजवून बघा.

सोलापुरात ठेवायची म्हणजे

एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि हवा कोरडी ठक्क. फ्रेटबोर्डचं लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बोटाला टोचायला लागतात. गिटार पेटीत ठेवा, आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास राखणारी पाकिटं आत टाका. एसीच्या खोलीतून थेट भर दुपारी गाडीच्या डिकीत टाकणं तर नकोच, जुना नायट्रो (नायट्रोसेल्युलोज) पॉलिश तडकतो. एकदा भेग पडली की परत सांधत नाही.

दुरुस्तीचा मोह वेगळाच. सोलापुरात मोटारी रिवाइंड करणारे हुशार कारागीर गल्लोगल्ली आहेत, आणि वेढे कमी, तार जाड म्हटल्यावर त्यांचे हात शिवशिवतात. पण ही पिकअप इपॉक्सीत ओतलेली आहेत. फोडली की संपली. ट्रान्सफॉर्मरचंही तसंच. स्टॅबिलायझरचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा माणूस ऑडिओचा गुंडाळू शकेलच असं नाही, कोअरचं लोखंडच वेगळं लागतं. स्विच आणि पॉट (नॉबखालचे फिरते रोधक) स्वच्छ करणं एवढंच इथे करून घ्या, बाकीचं पुण्या-मुंबईच्या जाणकाराकडे. गिब्सनने सोबतीला काढलेला एलपी-12 अँप कुणी देऊ केला तर तो अमेरिकेच्या व्होल्टेजचा आहे हे विसरू नका. 230 व्होल्टला लावला की धूर.

परदेशातून मागवायची असेल तर जुन्या वस्तूंच्या आयातीवर आपल्याकडे बंधनं आहेत, कस्टम्सचा दर वेगळाच. पैसे पाठवण्याआधी क्लिअरिंग एजंटला विचारा. फ्रेटबोर्ड रोझवूडचा असेल तर कोणत्या जातीचा ते विक्रेत्याकडून लेखी घ्या. ब्राझिलियन रोझवूड 1992 पासून साइट्स (CITES) या धोक्यातल्या जीवजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे.

साल तपासताना क्रमांकावर विसंबू नका. 1970 ते 1975 च्या दरम्यान गिब्सनने सहा आकडी क्रमांक पुन्हा पुन्हा वापरले. मागचं झाकण उघडून पॉटच्या पाठीवरचा आकडा वाचायला सांगा. 1377025 असं असेल तर 137 म्हणजे सीटीएस कंपनी, 70 म्हणजे 1970, आणि 25 म्हणजे त्या वर्षाचा पंचविसावा आठवडा. गिटार त्यानंतरचीच. त्याच फोटोत सोल्डर चमकदार, ताजं दिसलं तर कुणीतरी आत हात घातलाय. रेकॉर्डिंगमध्ये तर बघाच, कारण आवाज कमी येतो म्हणून पोटातला ट्रान्सफॉर्मरच उपटून साधे हंबकर बसवलेल्या कितीतरी गिटारी बाजारात फिरतात. बाहेरून नॉब सगळे जागच्या जागी, डेकेडसुद्धा फिरतो, फक्त त्याला आत काहीच जोडलेलं नसतं.