सार्जंट लांबून ओळखू यावा म्हणून काय काय केलं: आठ महिन्यांचा अनुभव

मी नेरूळला राहतो, खेळायला दर दुसऱ्या रविवारी ठाण्याला नौपाड्यात मित्राकडे जातो. खेळ वॉरहॅमर ४०,०००, म्हणजे छोटी मॉडेल्स स्वतः रंगवायची आणि टेबलावर लढाई खेळायची. माझी आर्मी त्यातल्या अल्ट्रामरीन्स सैनिकांची, म्हणजे नखशिखांत निळी. पाच स्क्वाड म्हणजे तुकड्या, प्रत्येकीचा म्होरक्या एक, असे पाच सार्जंट. ते सार्जंट उठून दिसावेत म्हणून गेल्या आठ महिन्यांत जे जे केलं त्यातलं काय टिकलं ते लिहितोय, कारण मला सुरुवातीला कोणी सांगितलं असतं तर बरेच रविवार वाचले असते.

हे नुसतं शोभेसाठी नाहीये. माझ्या इंटरसेसर्समध्ये, म्हणजे बंदूकवाल्या शिपायांच्या तुकडीत, पॉवर फिस्ट (जबरदस्त फटका मारणारी यांत्रिक मूठ) फक्त सार्जंटकडे आहे, आणि मार बसला की टेबलावरून कुठलं मॉडेल उचलायचं ते बहुतेक वेळा आपणच ठरवतो. घाईत मी एकदा तोच उचलला. मित्र म्हणाला, "अरे, तो सार्जंट होता ना तुझा?" तोवर टर्न संपली होती.

आणि हेल्मेट लालच होतं हो त्याचं! अल्ट्रामरीन्सच्या सार्जंटचं हेल्मेट लाल असतं, ते मी मन लावून रंगवलेलं, डोळ्यांच्या लेन्सपर्यंत. हातात धरलं की सुंदर. पण टेबल ६० बाय ४४ इंच, आपण उभे, वर ट्यूबलाइट आणि मॉडेल जेमतेम दीड इंचाचं. शेवटी मोबाइलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट केला आणि सगळं लक्षात आलं, माझा गडद निळा आणि गडद लाल दोन्ही एकाच करड्या छटेचे दिसत होते, हेल्मेट गायब! रंग वेगळा होता पण फिका-गडद फरकच नव्हता. ज्यांची आर्मी गडद रंगाची आहे त्यांनी हा फोटो रंगवायच्या आधी काढाच.

मग हेल्मेट परत केलं. निळ्यावर थेट लाल मारला की तो मळकट चॉकलेटी येतो, म्हणून आधी आयव्हरीचे दोन पातळ कोट, ते सुकल्यावर लालचे दोन पातळ कोट, वरच्या कडांना नारिंगी, आणि कपाळापासून मागे मानेपर्यंत एक पांढरा पट्टा. पट्टा वाकडा जातोच, तो पांढऱ्याने सरळ करत बसलं की जाड होत जातो, त्यापेक्षा दोन्ही बाजूंनी लालने कापत यायचं. पट्टा म्हणजे वेगळी रँक असं कोणी म्हणेल, मला चालतंय, कारण आठ महिन्यांत सगळ्यात जास्त उपयोग त्या पट्ट्याचाच झालाय.

टेबलावर आपण वरून बघतो, वरून फक्त डोकं आणि खांदे दिसतात. गुडघ्यावरच्या नक्षीत मी दोन संध्याकाळी घातल्या, ती समोरच्याला कधीच दिसली नाही. रोमन सैन्यातल्या सेंच्युरियनच्या, म्हणजे तुकडीच्या अधिकाऱ्याच्या, हेल्मेटवर आडवा तुरा असायचा आणि वेगेटियस या रोमन लेखकाने त्याचं कारण हेच दिलंय, शिपायांना आपला माणूस पटकन ओळखू यावा. जागा डोक्याचीच.

दुसरी टिकलेली गोष्ट म्हणजे उंची. मॉडेलच्या पायाखालच्या ३२ मिलिमीटरच्या गोल चकतीवर, म्हणजे बेसवर, चिंचेच्या सालीचा तुकडा चिकटवून सार्जंटला त्यावर उभा केला, चार-पाच मिलिमीटरच वर येतो पण घोळक्यात लगेच कळतो. साल मात्र नीट वाळवा. पहिल्या दोन मी तशाच लावल्या आणि जुलैत त्यांच्यावर पांढरी बुरशी आली, मग कडक उन्हात वाळवून, पाणी घातलेलं फेविकॉल दोनदा पाजून नवीन लावल्या, त्या अजून ठणठणीत आहेत. पावसाळ्यात स्प्रे वार्निशही मारू नका, हवेतल्या दमटपणाने एका स्क्वाडवर पांढरट धूर बसल्यासारखं झालं, तेव्हापासून ब्रशनेच मॅट वार्निश लावतो.

पाठीवरचा झेंडा दिसायला सगळ्यात भारी होता, मनापासून आवडायचा मला. पण नेरूळहून ठाण्याची लोकल, तुर्भ्याला गर्दी आत आली, बॅग दबली आणि काठी मोडली. फेविक्विकने जोडली, ऐरोलीपर्यंतही टिकली नाही. आता सगळ्यांच्या बेसखाली मॅग्नेट आणि डब्यात लोखंडी पत्रा आहे, मॉडेल हलत नाहीत, पण झाकणाला लागणारं काहीही मी परत लावणार नाही. बेसची कड वेगळ्या रंगाची करून बघितली, टेबलावरच्या पडक्या भिंतींआड ती दिसतच नाही.

पाचवा सार्जंट बिनहेल्मेटचा आहे, त्याला पट्टा कुठे मारणार? गव्हाळ चेहरा आणि काळे केस केलेले, पण वरून बघितलं की नुसते केस दिसायचे आणि काळा म्हणजे परत गडदच. गेल्या महिन्यात केस पांढरे केले. आता टेबलाच्या पलीकडून मित्रच आधी विचारतो, "म्हाताऱ्याला कुठे उभा केलायस रे?"