रोज खिशाला कुठलं लावू: पार्कर ५१ की एबोनाइटचं ड्रॉपरवालं?

शाईचं पेनच वापरायचं हे ज्यांचं ठरलंय त्यांच्यासाठी लिहितोय, त्यामुळे "बॉलपेन काय वाईट आहे" हा विषय इथे नाही. प्रश्न एवढाच की आपण हौसेने जमवतो, पेटीत कापूस घालून ठेवतो, त्यातलं एखादं पेन रोज कामाला न्यावं का आणि न्यायचं तर कुठलं. मी दोन्ही नेली. आधी दीड वर्ष दक्षिणेत हाताने घडवलेलं एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, ज्याच्या नळीत ड्रॉपरने थेट शाई भरायची असतं ते, आणि आता तीन वर्षं होतील, जुनं पार्कर ५१. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, म्हणजे माझं लिहिणं सलग पानंच्या पानं असं नसतं, तुकड्यातुकड्यांचं असतं. हजेरी, सह्या, तासाआधी चिठ्ठीवर चार मुद्दे, जर्नलं. तुमचं काम वेगळं असेल तर माझा निकाल तुम्हाला लागू होईलच असं नाही.

एबोनाइट हातात घेतल्यावर जे सुख वाटतं ते ५१ मध्ये नाही, हे आधीच कबूल करतो. रबरात भरपूर गंधक घालून तापवत ठेवलं की हे कडक काळं प्रकरण तयार होतं, नवीन असताना थोडा वासही येतो, पण हाताला ते कधी गार लागत नाही आणि मे महिन्यात घामेजल्या बोटांतूनही निसटत नाही (५१ निसटतं). शाई एवढी मावते की माझी दोन आठवडे सहज निघायची. निब आणि तिला शाई पोचवणारी खालची जीभ बोटांनी ओढून काढायची, नळाखाली धरायची, परत बसवायची, कुणाकडे जायला नको. आणि त्यामागे एक परंपरा आहे. आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी केलेलं स्वदेशी पेन मिळाल्यावर गांधीजींनी १९३५ साली वर्ध्याहून त्यांना पत्र लिहिलं होतं. माझं पेन त्यांच्याकडचं नाही, पण जात तीच.

गळण्याबद्दल सगळेच सांगतात, त्यामुळे थोडक्यात. नळीतली शाई पाव राहिली की वर नुसती हवा असते, ती हाताच्या उबेने फुगते आणि शाईला पुढे ढकलते, आणि निबेवर एक टपोरा थेंब येऊन बसतो. तापली की हवा फुगते हे अकरावीला मीच शिकवतो, तरी व्हायचं ते झालं. फेब्रुवारीत बारावीच्या प्रॅक्टिकलच्या आधी जर्नलांवर सह्या चालू होत्या, एका पोराच्या सर्टिफिकेटच्या पानावर, नेमका कॉलेजच्या शिक्क्याशेजारी थेंब पडला. आम्ही शाळेत करायचो तसं केलं, खडू आडवा धरून थेंबावर अलगद फिरवला, खडू निळा झाला, पानावर फिकट ठिपका राहिला. पोरगं हळूच म्हणालं, "सर, एक्स्टर्नलनी विचारलं तर तुम्ही पाडला म्हणून सांगू ना?" म्हटलं सांग बाबा. पण याला उपाय आहे, शाई अर्ध्यावर आली की भरून टाकायची. त्या दिवसानंतर परत थेंब पडला नाही, त्यामुळे निव्वळ गळतं म्हणून मी ते पेन सोडलं असतं असं मला वाटत नाही.

मला नडलं ते टोपण.

आट्यांचं टोपण, साडेतीन फेरे. दुकानात हे कुणी बघत नाही, उलट घट्ट फिरतंय म्हणून बरं वाटतं. पण वर्गात काय होतं बघा, मी फळ्यावर अर्धी आकृती काढलेली, डाव्या हातात खडू, दारात शिपाई मामा नोटीसची वही उघडून उभे, पोरांना तेवढंच निमित्त मिळालेलं, आणि मी खडू टेबलावर ठेवणार, हात झटकणार, खिशातून पेन काढणार, साडेतीन फेरे उलटे फिरवणार, सही करणार आणि मग साडेतीन फेरे सुलटे, तोपर्यंत मागच्या बाकावर गप्पा सुरू झालेल्या. काळ्या एबोनाइटवर खडूच्या बोटांचे पांढरे ठसे उमटायचे ते वेगळंच. एकदा सहज मोजलं तर दुपारच्या सुट्टीपर्यंत चाळीसेक वेळा उघडझाप झाली होती. बरं, टोपण उघडंच ठेवावं तर पंख्याखाली दोन-तीन मिनिटांत निब सुकायची, मग पहिलं अक्षर उमटेना, मग तळहातावर रेघा मारा. शिवाय माझ्या पेनाला क्लिप नव्हती, टोपण लावलेलं नसलं की टेबलावर गडगडायचं. शेवटी शेवटी मामा वहीबरोबर स्वतःचं बॉलपेनच पुढे करायला लागले, "घ्या सर, हे घ्या," आणि मीही निमूट घ्यायला लागलो. एवढं हौसेने घेतलेलं पेन खिशात आणि सह्या मामांच्या बॉलपेनने. तेव्हा म्हटलं, हे काही खरं नाही.

५१ चं टोपण नुसतं ओढायचं. खडू धरलेल्या हाताच्याच दोन मोकळ्या बोटांत टोपण पकडून दुसऱ्या हाताने पेन खेचलं की सुटतं, लावताना दाबलं की गच्च बसतं. आणि निब जवळजवळ टोकापर्यंत झाकलेली, लवकर सुकत नाही, त्यामुळे हजेरी घेताना मधे कुणी "सर, मी लेट झालो" करत आला, त्याची चौकशी झाली, तरी परत पहिल्या टिंबापासून लिहितं. बस्स, माझ्यापुरता निकाल इथेच लागला. ज्यांनी शाळेत हिरो पेन वापरलंय त्यांना ही झाकलेली निब ओळखीची वाटेल, त्या धाटणीचा मूळ पुरुष हाच. पार्कर कंपनी १८८८ ची, पेनाची रचना झाली तिच्या ५१ व्या वर्षी म्हणून नाव ५१, आणि बाजारात आलं १९४१ ला.

आता याची दुखणी. निब १४ कॅरेट सोन्याची असली तरी नळीसारखी गोल आणि खिळ्यासारखी ताठ, दाब देऊन अक्षर जाड-बारीक करायची हौस असेल तर इथे काही मिळणार नाही. शाई कमी मावते, माझी चार-पाच दिवस. निबेवरचं ते पुढचं झाकण स्वतः उघडायच्या भानगडीत पडू नका, लाखेने बसवलेलं असतं. जुना माल घेतलात तर धुण्याची तयारी ठेवा, आत शाई धरून ठेवणाऱ्या बारीक चकत्या आहेत, माझ्या पेनातून तीन दिवस हिरवट निळं पाणी येत होतं, कुणी काय भरून ठेवलं होतं देव जाणे. बायको म्हणाली, बेसिनला रंग देताय का?

घ्यायचंच असेल तर रोजच्यासाठी १९४८ नंतरचं, आत शाई ओढायला दाबायची पट्टी आणि शाईची पारदर्शक पिशवी असलेलं घ्या. त्या पिशव्या अजून टिकून आहेत, माझी अजून मूळचीच आहे. त्याआधीच्या पंपवाल्यात रबराचा पडदा असतो, तो कधी ना कधी बदलावा लागतो. आणि एक गोष्ट उशिरा कळली, दांडीवर कुणाचं तरी नाव कोरलेलं असलं की जमवणारे लोक नाक मुरडतात आणि किंमत उतरते. माझ्यावर आहे तसं नाव, कुण्या अनोळखी माणसाचं, म्हणून साडेसहा हजारात मिळालं. एबोनाइटचं अडीच हजाराला पडलं होतं, तेव्हा पैशात ते स्वस्त यात वाद नाही. पण स्टिकरसकट कोरं ५१ कुणाकडून मिळालं असेल तर ते मात्र पेटीतच राहू द्या, खिशाला लावायला असं नाव कोरलेलं, चार ओरखडे पडलेलं बरं. पडलं तर हळहळ वाटेल, झोप उडणार नाही. आणि स्टाफरूममध्ये "जरा पेन द्या हो" म्हणणाऱ्यांसाठी वरच्या खिशात एक बॉलपेन वेगळं ठेवा, ते परत आलं नाही तरी चालतं.

हल्ली कंपनीने ५१ नावाचं पेन परत काढलंय, दिसायला तसंच, पण टोपण आट्यांचं केलंय. मी पुढे विचारलंच नाही.

टेबलाशी बसून तास-दोन तास सलग लिहिणारे असाल, टोपण एकदा काढलं की काम संपल्यावरच लावणारे, तर तुम्ही एबोनाइटच घ्या असं मी म्हणेन, तिथे ५१ त्याच्या जवळपासही येत नाही. माझं एबोनाइट घरी आहे, त्यात आता लाल शाई भरलीय. रात्री जेवण झाल्यावर एकदा साडेतीन फेरे फिरवायचे आणि वीस-पंचवीस पेपर तपासून व्हायचे.