डिस्ट्रिब्युटर ठेवायचा की काढायचा? जुन्या गाडीच्या इग्निशनचे तीन मार्ग

"करंट हाय, पण येळेवर न्हाई." कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींनी अँबेसिडरच्या पुलीवर टायमिंग लाइट (ठिणगीच्या क्षणी लखलखणारा दिवा) धरला आणि एवढंच सांगितलं. 1489 सीसीचं जुनं इंजिन, प्लग नवे, कॉइल नवी, तरी गगनबावड्याच्या वाटेवर पावसात गाडी मिसिंग करायची. लाइटखाली पुलीवरची खूण एका जागी थांबतच नव्हती. डिस्ट्रिब्युटर म्हणजे कॉइलचा करंट पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटणारी फिरती यंत्रणा. त्याच्या शाफ्टचा बुश (शाफ्टला धरणारी नळी) झिजला होता. शाफ्ट डोलायचा, पॉइंटचा (उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या संपर्काचा) गॅप दर फेरीला बदलायचा आणि ठिणगी कधी लवकर, कधी उशिरा पडायची.

तुमच्या दारातही अँबेसिडर किंवा पद्मिनी असेल आणि डिस्ट्रिब्युटर काढून टाकायचा विचार मनात असेल, तर आधी एक गोष्ट तपासा. कॅप काढून आतल्या फिरत्या रोटरचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवा. डोलला, तर बुश गेला. पुढचा सगळा निर्णय त्यावर आहे.

पहिला मार्ग पॉइंटवरच राहण्याचा. बुश नवा घाला, अडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी) वजनं साफ करून तेल द्या, ढिल्या झालेल्या स्प्रिंगा बदला, व्हॅक्यूमचा (इंजिनच्या ओढीवर ठिणगीची वेळ बदलणारा) पडदा फाटलाय का ते तोंडाने ओढून बघा. मग साधारण 0.4 मिमी गॅप ठेवला की गाडी छान चालते. पॉइंटची फायबरची टाच घासत जाते, तसा गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे पडतं, म्हणून काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा हात लावावा लागतोच. पण बिघाड रस्त्यावर, पॉलिश पेपरच्या तुकड्यावर दुरुस्त होतो. महिन्यातून एकदा रंकाळ्याला चक्कर मारणाऱ्या गाडीला याहून जास्त काही लागत नाही, असं माझं ठाम मत आहे.

दुसरा मार्ग मॉड्यूलचा, म्हणजे पॉइंटचं काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक तुकड्याचा. पॉइंट आणि कंडेन्सर जातात, त्या जागी चुंबकाची रिंग आणि सेन्सर बसतो, तेही तासाभरात. गॅपची कटकट संपते. पण कॅप, रोटर आणि अडव्हान्सची वजनं तीच राहतात, म्हणजे त्यांची दुखणीही राहतात. घेताना दोन गोष्टी बघा: गाडीची अर्थिंग निगेटिव्ह (बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं) आहे का, आणि कॉइलचा रेझिस्टन्स मॉड्यूलला चालतो का. इंजिन बंद असताना चावी चालू राहिली तर काही मॉड्यूल जळतात. जळालेलं मॉड्यूल घाटात कोणी दुरुस्त करून देत नाही.

तिसरा मार्ग मी निवडला. यात ठिणगीची वेळ थेट क्रँकवरून, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य शाफ्टवरून घेतात. पुलीला 36 दात्यांच्या हिशोबाचं, पण एक दाता गाळलेलं चक्र लावायचं. दर दात्यामागे 10 अंश. सेन्सर दाते मोजतो आणि गाळलेल्या जागेवरून क्रँक कुठे आहे ते कंट्रोलरला (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याला) कळतं. टायमिंग चेनची ढिलाई, गिअरची झीज, डोलणारा शाफ्ट या सगळ्यांचा ठिणगीशी संबंधच तुटतो. लाइटखाली खूण दगडासारखी स्थिर दिसली, तेव्हा मला खरोखर भरून आलं.

ठिणगी वाटायला आता डिस्ट्रिब्युटरऐवजी कॉइल पॅक असतो, त्यात दोन कॉइल असतात. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) 1-3-4-2, म्हणून 1 आणि 4 ची एक जोडी, 2 आणि 3 ची दुसरी. जोडीतल्या दोन्ही प्लगला एकदम ठिणगी मिळते. एक कामाला येते, दुसरी त्याच वेळी धूर बाहेर टाकणाऱ्या सिलिंडरमध्ये वाया जाते. हे नवं खूळ नाही. 1948 सालच्या सिट्रोएन 2 सीव्हीतही डिस्ट्रिब्युटर नव्हता, दोन्ही सिलिंडरना एकदमच ठिणगी मिळायची. फायदा असा की 4000 आरपीएमला एकट्या कॉइलला मिनिटात 8000 ठिणग्या द्याव्या लागतात, इथे प्रत्येकीला 4000. चार्ज व्हायला दुप्पट वेळ. शिवाय कॅपमध्ये ओल धरून करंट भलतीकडे पळण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि गगनबावड्याला जाणाऱ्याला तेवढंही पुरे.

अडव्हान्स आता वजनांवर नाही, आरपीएम आणि लोडच्या नकाशावर चालतो. घाटात कमी आरपीएमला जोर पडला की टायमिंग थोडं मागे घेता येतं. मात्र साध्या कंट्रोलरला नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून इंजिनात होणारी ठकठक) ऐकू येत नाही. हावरटपणाने अडव्हान्स वाढवला तर पिस्टन जाईल.

कष्ट बसवण्यात आहेत. चक्र लेझरवर कापून मिळालं, पण पुलीशी एककेंद्री बसवायला टर्नरने डायल लावून अर्धा दिवस घातला. एक नंबरचा पिस्टन नेमका टॉपला आणून गाळलेल्या दात्याची जागा कंट्रोलरच्या सूचनेप्रमाणेच ठेवावी लागते. प्लगच्या वायरी रेझिस्टन्सच्याच हव्यात, नाहीतर सेन्सरच्या सिग्नलमध्ये गोंधळ होतो. गाडीला अजून डायनामो असेल तर आधी आल्टरनेटर बसवा. आयडलिंगला डायनामो चार्ज करत नाही आणि कंट्रोलरला व्होल्टेज कमी पडलेलं चालत नाही.

कागदपत्रांचंही बघा. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या खासगी गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते. तो विचार असेल किंवा गाडी प्रदर्शनात उभी करायची असेल, तर पॉइंटच ठेवा, फार तर कॅपखाली न दिसणारं मॉड्यूल. पण गाडी घाटात, पावसात, बायकामुलांना घेऊन नियमित पळवायची असेल आणि बुश गेलेला असेल, तर कॉइल पॅकचा खर्च आणि महिनाभराची खटपट करा.

आणि डिस्ट्रिब्युटर उपटून टाकू नका. काही इंजिनांत त्याच्याच शाफ्टवर ऑइल पंपही चालतो. मी बुश बदलून, पॉइंट लावून तो जागेवरच ठेवलाय. जुनी कॉइल, कॅप, रोटर आणि चार वायरी डिकीत असतात. कंट्रोलरने दगा दिला तर करूळ घाटातही अर्ध्या तासात गाडी पुन्हा पॉइंटवर येते.