सरकारी दवाखान्यातली स्त्री नसबंदी: टाक्याची की दुर्बिणीची?

कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन आपल्याकडे बहुतेक बायका सरकारी दवाखान्यातच करून घेतात. ऑपरेशन मोफत आहे आणि नीट केलं तर उत्तम आहे. सेवा उणी पडते ती ऑपरेशनच्या आधी आणि नंतर. आधी कुणी बसून समजावून सांगत नाही आणि नंतर बाईला घरी पाठवायची घाई होते. म्हणून कुठे, कधी आणि कुठलं ऑपरेशन करायचं हे आधी ठरवून जावं.

टाक्याचं ऑपरेशन म्हणजे मिनीलॅप. ओटीपोटावर 3 ते 5 सेंटीमीटरचा छेद घेतात. बाळंतपणानंतर लगेच करायचं असेल तर गर्भाशय अजून वरच असतं, म्हणून छेद बेंबीखाली येतो. बीजवाहक नळी बोटभर बाहेर ओढतात, तिचा फास करून विरघळणाऱ्या दोऱ्यानं बांधतात आणि फासाचा वरचा सुमारे 1 सेंटीमीटर भाग कापून टाकतात. पुढे दोरा विरघळला की नळीची बंद झालेली टोकं एकमेकांपासून लांब जातात.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात छेद जेमतेम एक-दीड सेंटीमीटरचा असतो. पोटात वायू भरून दुर्बीण घालतात आणि नळीच्या फासावर सिलिकॉनची घट्ट रिंग चढवतात. दुखणं कमी आणि व्रण छोटा, म्हणून मागणी याच ऑपरेशनला जास्त. पण पोटाचं आधी ऑपरेशन झालं असेल, वजन खूप असेल किंवा हृदयाचा, फुफ्फुसाचा आजार असेल तर हे टाळावं, कारण डोकं खाली करून झोपवतात आणि वायूचा दाब श्वासावर येतो. बाळंतपणानंतर सहा आठवडे तर ते करायचंच नाही.

यात एक व्यवहाराची गोष्ट आहे. मिनीलॅप प्रशिक्षण घेतलेला एमबीबीएस डॉक्टर करू शकतो. दुर्बिणीला प्रशिक्षित स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा सर्जन लागतो. तो गावच्या दवाखान्यात रोज नसतो, ठरलेल्या दिवशी येतो, आणि मग सगळ्या बायका त्याच दिवशी गोळा होतात. गर्दी तिथूनच सुरू होते. एक दुर्बीण वापरली की पुढच्या बाईसाठी ती निदान 20 मिनिटं जंतुनाशक द्रावणात बुडवून निर्जंतुक पाण्यानं धुवावी लागते. म्हणून एका दुर्बिणीवर दिवसाला 10 आणि तीन दुर्बिणी असल्या तरी एका सर्जनला 30 ऑपरेशनांची मर्यादा नियमात आहे. नोव्हेंबर 2014 मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एकाच शिबिरात काही तासांत 83 बायकांची ऑपरेशनं उरकली आणि त्यानंतर 13 जणींचा मृत्यू झाला. 2016 साली सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. तेव्हा आशाताईंना दोन प्रश्न सरळ विचारा: त्या दिवशी किती बायका आहेत आणि दुर्बिणी किती? उत्तर मिळालं नाही तर तारीख पुढची घ्या, किंवा उपजिल्हा रुग्णालयात जा.

आमचं मत मिनीलॅपच्या बाजूनं आहे, आणि बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर पहिल्या सात दिवसांतच. नळी डोळ्यांसमोर असते, चूक होण्याची शक्यता कमी. अमेरिकेत 1996 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दहा वर्षांत दर हजार बायकांमागे गर्भ राहण्याचं प्रमाण बाळंतपणानंतर नळी कापलेल्यांत 7.5, तर रिंग घातलेल्यांत 17.7 होतं. रिंग बहुधा घाईमुळे चुकते. नळीऐवजी शेजारचा गर्भाशयाचा बंध पकडला जातो, किंवा फास अपुरा ओढल्यानं नळी पूर्ण दाबली जात नाही. नळीचं झालरीसारखं टोक पाहून खात्री करणं हाच त्यावर उपाय. बाळंतपणाच्या वेळीच करायचं असेल तर संमती गरोदरपणातच द्या. कळा चालू असताना पुढे केलेल्या कागदावर सही करू नका.

वय 22 ते 49, लग्न झालेलं आणि एक तरी मूल एक वर्षाच्या वरचं, या सरकारी अटी. नवऱ्याची सही लागत नाही. कुणी मागितली तर हे ठामपणे सांगा. बाळंतपणाशी संबंध नसेल तर पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांत जा, म्हणजे दिवस गेलेले नाहीत याची खात्री राहते. हिमोग्लोबिन 7 च्या खाली असेल तर परत पाठवतात, आणि ते योग्यच आहे. 7 म्हणजे अगदी काठावर. महिनाभर आधी तपासून लोहाच्या गोळ्या सुरू केलेल्या बऱ्या. ऑपरेशनच्या आधी सहा तास जेवण नाही.

नंतर निदान चार तास खाटेवर ठेवायला हवं. पूर्ण शुद्ध आली, लघवी झाली, चालता आलं, मगच घरी. दोन दिवसांनी हलकी कामं, पाण्याची कळशी आणि शेतातली कामं दोन आठवड्यांनी. टाके काढायला सातव्या दिवशी जायचं. ताप, पोट फुगणं, वाढत जाणारी कळ, जखमेतून पू, चक्कर यांतलं काहीही दिसलं तर सातव्या दिवसाची वाट बघू नका. आतड्याला इजा झाली असेल तर तासांनाही महत्त्व असतं. पाळी येतच राहते, पिशवी काढलेली नसते. पाळी चुकली तर दोन आठवड्यांच्या आत तपासणी करा, कारण ऑपरेशननंतर राहिलेला गर्भ नळीत असण्याची भीती जास्त असते. पुन्हा नळी जोडता येते, पण यशाची खात्री नाही. मनात थोडीही शंका असेल तर तांबी बसवा. नवरा तयार असेल तर त्याची नसबंदी याहून सोपी आणि कमी धोक्याची आहे.

दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बायकांना 600 रुपये, इतरांना 250 रुपये मिळतात. प्रमाणपत्र त्याच दिवशी देत नाहीत. महिन्यानंतर किंवा पहिली पाळी आल्यावर मागून घ्या. लेक लाडकी योजनेच्या अर्जालाही ते लागतं. ऑपरेशन असफल ठरलं तर 60,000 रुपयांची भरपाई आहे, पण गर्भ राहिल्याचं कळल्यापासून 90 दिवसांत अर्ज करावा लागतो. संमतिपत्राची प्रत आणि डिस्चार्ज कार्ड हातात नसेल तर तो अर्ज तिथेच अडतो.