फळ लागलेलं अंजिराचं रोप घेताय? आधी एक पिशवी फोडून बघा

पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून आमच्याकडे अंजीर लावणारे वाढले आणि रोपं विकणारेही. त्यातल्याच एकाने मला गंडवलं.

पावसाच्या तोंडावर सासवड रस्त्याला टेम्पो लावून हा माणूस ‘पूना फिग’ विकत होता. रोपं देखणी. हातभर काडी, वर टवटवीत पानं आणि पानाच्या बेचक्यात वाटाण्याएवढं अंजीर! फळ धरलंय म्हणून रोपामागे चाळीस रुपये जादा. “दादा, मुळी पक्की धरलीय, नेऊन लावायचं बास.” अर्ध्या एकराची रोपं घेतली. पैसे फोनवरून दिले. बिलाचं विचारलं तर पुस्तक संपलंय, व्हॉट्सॲपवर टाकतो म्हणाला. ते अजून यायचंय.

झड होती तोवर सगळं झकास. उघडीप पडली, कडक ऊन लागलं आणि दुपारी माना टाकलेली रोपं संध्याकाळी उठेनात. एक ओढलं तर अलगद हातात आलं. बुडाची साल काळी, बोट लावलं की सुटत होती. मुळीचा पत्ता नाही. काहींच्या बुडाला पांढरा फुगवटा होता, पण तो कापलेली जखम भरल्याचा असतो. त्याला मूळ म्हणत नाहीत.

गोम इथेच आहे. अंजिराची काडी आपल्या अंगातल्या साठ्यावर डोळे फोडते. मुळी सुटायच्या आधी पानं येतात, कधी फळही धरतं. हवा दमट असली की पानांतून पाणी कमी उडतं, म्हणून बिनमुळीची काडीही हिरवीगार दिसते. टेम्पो पावसातच का येतो, हे आता कळलं असेल.

फोन केला तर मला म्हणाला, “पाणी जास्त झालं.” शेजारच्या अण्णांना त्याच दिवशी सांगितलं, “पाणी कमी पडलं.”

घ्यायचीच असतील तर आधी एकाच रोपाचे पैसे द्या आणि त्याच्यासमोर पिशवी ब्लेडने उभी चिरा. मुळी असेल तर हुंडी, म्हणजे मुळीभोवतीचा मातीचा गोळा, शाबूत राहते, कडेने पांढऱ्या मुळ्या दिसतात. नसेल तर माती ढासळते. “मुळी दुखावेल” म्हणून तो अडवायला लागला, तर सरळ गाडीला किक मारा.

माझ्या थोड्या रोपांना खरंच कोवळी मुळी होती. ती हुंडीसकट काढून पिशवीत भरली, शेडनेटखाली ठेवली. फळं खुडली, कारण ती काडीचं बळ खातात. पिशवी उचलून हलकी लागली तरच पाणी. नवी मुळी तहानेइतकीच चिखलानेही मरते. नवी पानं आली तरी लगेच उन्हात काढलेली नाहीत.

फळरोपं विकायला परवाना लागतो, १९६९ पासून तसा कायदाच आहे. तालुका कृषी कार्यालयात तक्रार दिली, तर पहिला प्रश्न बिलाचा. पैसे पाठवल्याची नोंद आणि वाळलेल्या काड्यांचे फोटो जोडलेत. तो टेम्पो आता बारामतीकडे दिसतो म्हणे, डाळिंबाची रोपंही ठेवलीत.